हृदयाच्या चित्राचा चिवडा

आमच्या बिल्डिंगमधलं तेल बदललं ते समोरच्या घरातले भाऊजी गेल्यावर.

वाशीला राहायला येऊन आम्हाला तेव्हा काही वर्षं झाली होती. ऐंशीचं दशक निम्म्यावर आलं होतं. वसाहत नवी, लावलेली झाडं अजून कमरेएवढी, आणि संध्याकाळी वारा फिरला की तुर्भ्याच्या बाजूनं कारखान्यांचा उग्र वास घरात शिरायचा. आमच्या समोरच्या दारातलं कुटुंब साताऱ्याकडचं. भाऊजी आणि माझे यजमान एकाच कारखान्यात, एकाच पाळीत. सकाळी कंपनीच्या बससाठी दोघं बरोबरच निघायचे. भाऊजींच्या पत्नीला मी वहिनी म्हणायचे. त्यांना एकच मुलगी, तेव्हा सातवीत होती.

त्या दिवशी बसची वाट बघताना भाऊजी रस्त्याकडेच्या मोरीच्या कठड्यावर बसले. ह्यांना म्हणाले, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं वाटतंय. ह्यांना वाटलं, पित्त असेल. एवढ्यात ते एका कुशीवर कलंडले. बस अजून आलेली नव्हती. मार्केटकडे बटाटा घेऊन चाललेला एक ट्रक ह्यांनी आडवं उभं राहून थांबवला, क्लीनरच्या मदतीनं भाऊजींना केबिनमध्ये चढवलं आणि इस्पितळ गाठलं. तिथल्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की ते वाटेतच गेलेत. भाऊजी ह्यांच्याहून एका वर्षानं मोठे होते, एवढंच.

पुढचे दिवस वहिनींच्या घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ होती. त्यातच त्यांचा एक चुलत दीर आला, बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेला. त्यानं सगळ्यांच्या देखत वहिनींना विचारलं, घरात तेल कुठलं वापरता? वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. हळू आवाजात म्हणाल्या, रोजच्याला शेंगदाण्याचं, तळणाला रेशनचं पामतेल, दिवाळीला डालडा.

"मग तेच. कोलेस्टेरॉल," दीर म्हणाला.

आम्हा बहुतेक बायकांनी तो शब्द तेव्हा पहिल्यांदा ऐकला. तो पुढे बराच वेळ समजावत राहिला, रक्तात चरबी कशी साचते, नळी कशी बंद होते.  वहिनी आपल्या हातांकडे बघत बसल्या. मला त्या माणसाचा राग आला होता, पण घरी आल्यावर मी आधी ओट्याखाली वाकून माझाच तेलाचा डबा बघितला. शेंगदाण्याचंच होतं.

आमच्या सेक्टरमध्ये किराण्याचं एकच मोठं दुकान होतं. दुकानदार कच्छी, बोलायला गोड. त्याच्याकडे वरच्या फळीवर पांढऱ्या प्लॅस्टिकच्या कॅनमधलं एक तेल बरेच दिवस धूळ खात पडलेलं होतं. कॅनवर मोठं लाल हृदय, त्याच्याखाली 'कोलेस्टेरॉल नाही' आणि त्याखाली बारीक अक्षरांत, हृदयाची काळजी घेणाऱ्या कुटुंबांसाठी, असं काहीतरी. महाग म्हणून ते कुणी घेत नसे. भाऊजींचे दिवस झाले त्या आठवड्यात दुकानदारानं ते कॅन खाली उतरवले, पुसले आणि गल्ल्याच्या शेजारी रचून ठेवले. त्याला काही सांगावं लागलं नाही. डाळीच्या भावावरून घासाघीस करणाऱ्या बायका मुकाट्यानं कॅन उचलू लागल्या.

मी स्वतः त्या घोळक्यात उभी असायचे. तोवर आम्ही किराणा नाकानं आणि बोटांनी घेत होतो. तेलाचा वास घ्यायचा, डाळ तळहातावर चोळायची, तांदळाचा दाणा दाताखाली धरायचा. आता बायका पाकिटं उलटीपालटी करून वाचायला लागल्या. बिस्किटावर 'पौष्टिक' लिहिलंय का, दुधात घालायच्या पावडरीवर उंची वाढल्याचं चित्र आहे का. एकदा तळमजल्यावरच्या एका बाईंनी पिशवीत ठेवलेलं तूप परत काढून दिलं आणि त्याऐवजी दोन कॅन घेतले. कॅनवरचं ते लाल चित्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखं झालं होतं. आपण वाचलंय, आपण घेतलंय, आता आपल्या घरात तसलं काही होणार नाही.

आमच्या घरात पहिला कॅन ह्यांनीच आणला. हे एरवी पिशवी घेऊन दुकानात जाणारे नव्हेत. भाऊजींचं डोकं मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसलेला माणूस, त्याच्या मनात काय चाललं असेल ते मला कळत होतं. ओट्यावर कॅन ठेवून म्हणाले, आजपासून हेच. मला बरंच वाटलं. वाटलं, आता सिगारेटही सुटेल.

सुटली नाही. उलट जे आधी कधी नव्हतं ते सुरू झालं. पूर्वी भजी महिन्याकाठी कधीतरी व्हायची आणि त्यातही हे दोन खाऊन ताट सारायचे. आता संध्याकाळी बसमधून उतरून आल्यावर काहीतरी तळलेलं लागायचं. मी नको म्हटलं की कॅनकडे बोट दाखवायचे. यातलं चालतं. मी आमटीला फोडणीला तेल कमी घातलं तर म्हणायचे, एवढ्या महागाचं तेल आणलंय ते कशाला? पूर्वी जेवढं तेल महिनाभर पुरायचं तेवढं आता पंधरा-वीस दिवसांत संपायला लागलं. त्यांचा शर्ट पोटावर ताणला जाऊ लागला. जिना चढून आले की दाराच्या चौकटीला हात टेकून थोडं थांबायचे. मी विचारलं की म्हणायचे, काही नाही, बूट काढतोय.

मी रोज त्यांच्या पावलांचा आवाज ऐकत स्वयंपाकघरात उभी राहायचे. पहिल्या मजल्यावर पावलं थांबली की माझा हात थांबायचा. पुन्हा सुरू झाली की मी भांडं उचलायचे.

याच सुमारास वहिनींनी चिवडा करायला घेतला. कारखान्याकडून मिळालेल्या पैशावर किती दिवस काढणार? शिकवण्या घेण्याइतकं शिक्षण नव्हतं, पण हाताला चव होती. त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवली होती, चिवड्याला तेल वापरायचं ते लाल हृदयाचंच. महाग पडत होतं तरी त्यांनी दुसरं घेतलं नाही. मला म्हणाल्या, माझ्या घरात जे झालं ते दुसऱ्या कुणाच्या घरात माझ्या हातून व्हायला नको. दीरानं त्या दिवशी जे विचारलं होतं, ते त्यांच्या मनातून गेलेलं नव्हतं.

चिवडा पहिल्यांदा साध्या पिशव्यांत घालून त्यांनी दुकानात ठेवायला दिला. बरा खपला. मग दुकानदारानं त्यांना एक युक्ती सुचवली. तेल त्या कॅनमधलं आहे ना, मग तसं लिहा की वहिनी. त्यानं स्वतःच कुठूनतरी रबरी शिक्का करून आणला. हृदयाचं चित्र आणि खाली शब्द : 'हृदयाला हितकर तेलात केलेला'. वहिनी लाल शाईनं कागदाच्या चकत्यांवर तो शिक्का मारायच्या आणि एकेक चकती पिशवीत वरच्या बाजूला दिसेल अशी घालायच्या. दुकानदारानं गंमत म्हणून दोन बरण्यांच्या मधे दोन ओळी लावल्या, एक चित्राची, एक बिनचित्राची. चिवडा एकाच कढईतला. चित्राची ओळ दुपारपर्यंत रिकामी झाली. बिनचित्राच्या पिशव्या संध्याकाळी तशाच उभ्या होत्या. हे वहिनींनी मला हसत सांगितलं. भाऊजी गेल्यापासून मी त्यांना हसताना तेव्हाच पाहिलं.

ह्यांचाही त्या चिवड्यावर जीव जडला. खिशात एक पुडी घेऊनच कामावर जायचे. आपल्या माणसाला मदत होते आणि तब्येतीलाही चांगलं, असं त्यांचं म्हणणं. मला आत कुठेतरी टोचत होतं. पण कॅनवर लिहिलेलं मीही वाचलं होतं.

पावसाळा संपता संपता एका रविवारी सकाळी हे मार्केटमध्ये गेले. घाऊकमध्ये कांदा स्वस्त मिळतो म्हणून अर्धं पोतं खांद्यावर घेऊन आले. मी पावलं ऐकत होते. पहिल्या मजल्यावर थांबली. मी वाट पाहिली. पुन्हा सुरू झाली नाहीत.

मी दार उघडून खाली धावले. जिन्याच्या वळणावर हे पायरीवर बसले होते, कांद्याचं पोतं शेजारी आडवं पडलेलं. कपाळावरून घाम गळत होता आणि डावा हात त्यांनी छातीशी घट्ट धरला होता. म्हणाले, दम लागलाय, पाणी आण. एवढ्यात वर वहिनींचं दार उघडल्याचा आवाज आला. त्या कठड्यावरून वाकल्या आणि ह्यांना बघून जागीच थिजल्या. त्यांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. मग त्या अनवाणी आमच्या बाजूनं खाली पळाल्या. दुकानासमोर दुकानदाराचा टेम्पो उभा असतो ते त्यांच्या ध्यानात होतं.

हे इस्पितळात यायला तयार नव्हते. पायरीवर बसूनच माझ्याशी वाद घालत होते.

"अगं, आपण काय डालडा खातो का? वर्ष होत आलं, तेच तेल खातोय."

"उठा," मी म्हटलं. "मी विचारत नाहीये."

टेम्पोत तांदळाच्या गोण्यांना टेकवून त्यांना बसवलं. वहिनी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. रस्त्यावर ट्रकची रांग लागलेली. दुकानदाराचा ड्रायव्हर हॉर्नवरून हात काढत नव्हता. वहिनी ह्यांचं मनगट धरून बसल्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या नाडी मोजत होत्या की देवाचं नाव घेत होत्या, मला कळलं नाही. 

इस्पितळात हृदयाचा आलेख काढला, इंजेक्शन दिलं, जिभेखाली गोळी ठेवली. आम्ही बाहेर बाकावर बसून राहिलो. तास दीड तासानं डॉक्टरांनी मला आत बोलावलं. वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ होते. म्हणाले, झटका आलेला नाही, पण हृदयाला रक्त पुरत नाहीये, आणि ब्लडप्रेशर फार वाढलेलं आहे. थोडे दिवस इथेच ठेवू. सिगारेट किती ओढतात, व्यायाम आहे का, घरात तेल किती लागतं, सगळं विचारलं. मी तेलाचं नाव सांगितलं. मला वाटलं, ते मान डोलावतील. ते म्हणाले, कुठलं ते नाही विचारलं, किती ते विचारलं. मी सांगितलं. वर्षापूर्वीचंही सांगितलं.

नर्सनं ह्यांचा शर्ट माझ्या हातात दिला होता. खिशात चिवड्याची पुडी होती. डॉक्टरांनी ती मागून घेतली आणि लाल चित्राखालचं चष्म्यातून नीट वाचलं. हसले नाहीत.

"यात खोटं काही नाही," ते म्हणाले. "पण बाई, कोलेस्टेरॉल शेंगदाण्याच्या तेलातही नसतं. कुठल्याच बियांच्या तेलात नसतं. कुठलंही तेल दुप्पट खाल्लं तर ते दुप्पटच होतं. आणि सिगारेट काय तेल बघून थांबते?"

मी बाहेर आले. वहिनी उठून उभ्या राहिल्या. मी त्यांना एवढंच सांगितलं की झटका नाहीये. त्यांनी मला मिठी मारली.

हे घरी आले, पण खरा पेच पुढे होता. वहिनी रोज सकाळ-संध्याकाळ चौकशीला यायच्या. ह्यांना तळलेलं, खारट सगळं बंद होतं. चिवडा मी डब्याच्या तळाशी ढकलून ठेवायचे. वहिनींना सांगावं तर काय सांगावं? त्यांचं घर त्या चित्रावर चाललं होतं. मी ह्यांना विचारलं तर हे म्हणाले, काही बोलू नकोस, तिच्या मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. मग छताकडे बघत म्हणाले, पण बिल्डिंगमधले बाकीचेही माझ्यासारखेच खात असतील. 

एका दुपारी वहिनी झाकलेली वाटी घेऊन आल्या. ह्यांच्यासाठी मुद्दाम वेगळा घाणा केला होता. म्हणाल्या, तेल सढळ हातानं घातलंय, औषध समजून रोज वाटीभर खायला दे. हे आतल्या खोलीत झोपले होते. मी वाटी घेतली नाही.

"वहिनी, चिवडा नको. डॉक्टरांनी बंद केलाय."

"अगं, हा त्या तेलातला आहे."

"त्या तेलातलासुद्धा."

मग मी त्यांना बसवलं आणि डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं.  मला वाटत होतं की आता त्या उठून जातील आणि आमचं समोरासमोरचं दार कायमचं बंद होईल. त्यांनी मधे एकदाच तोंड उघडलं. म्हणाल्या, चित्र काढलं तर कोण घेईल? दोन ओळींचं तुला सांगितलं नव्हतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं.

नंतर बराच वेळ त्या वाटीवरच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या. मग हळूच विचारलं, "शेंगदाण्याच्या तेलातही नसतं, असं म्हणाले?"

"हो."

"आधीपासूनच?"

"आधीपासूनच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोवर मी फक्त चिवड्याचा विचार करत होते. त्या कसला विचार करत होत्या ते माझ्या तेव्हा ध्यानात आलं. त्या म्हणाल्या, "मला त्यांच्याकडे घेऊन चल. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. वहिनींनी डॉक्टरांना भाऊजींचं सगळं सांगितलं. बिड्या किती ओढायचे, कारखान्याच्या दवाखान्यातून ब्लडप्रेशरच्या गोळ्या दिल्या होत्या त्या बरं वाटतंय म्हणून कशा सोडल्या, त्यांचे वडीलही असेच कसे गेले. शेवटी पामतेलाचं आणि डालड्याचंही सांगितलं, काही लपवलं नाही. डॉक्टरांनी मधे तोडलं नाही. मग म्हणाले की पामतेल, डालडा रोज तळणाला वापरू नये हे खरं. नेमकं कशामुळे झालं ते आता कुणीच सांगू शकणार नाही, पण तुम्ही अमुक तेलात फोडणी घातलीत म्हणून ते गेले, असं मी तरी म्हणणार नाही.

वहिनींनी नमस्कार केला. बाहेर आल्या, पायऱ्यांवर बसल्या आणि मोठ्यानं रडल्या. भाऊजींना नेलं त्या दिवशी त्या अशा रडल्या नव्हत्या. येणारे-जाणारे थबकून बघत होते. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिले. शांत झाल्यावर म्हणाल्या, वर्षभर मी कढई तापत ठेवली की मला त्यांचा चेहरा दिसायचा गं. पदरानं डोळे पुसले आणि आम्ही घराकडे चालायला लागलो.

त्या आठवड्यात त्यांनी शिक्का दुकानदाराला परत नेऊन दिला. मी बरोबर होते. त्याला ते काही केल्या पटेना. म्हणाला, "वहिनी, झूठ क्या है इसमें? तेल तर तेच आहे ना?"

"तेच आहे," वहिनी म्हणाल्या. "पण लोक ते वाचून जास्त खातात."

"खाऊ द्या की. आपला धंदा चालतो."

 वहिनी बिनचित्राच्या पिशव्या ठेवून निघाल्या. पुढच्या महिन्यात त्यातल्या निम्म्या परत आल्या. दुकानदारानं दुसऱ्या कुणाकडून चिवडा आणायला सुरुवात केली, त्याच्या पिशवीवर हृदय आधीच्यापेक्षा मोठं होतं, आणि तो खपत होता. ज्यांना मी जिन्यात गाठून डॉक्टरांचं बोलणं सांगितलं त्यांनी ऐकून घेतलं, हो हो म्हटलं आणि तोच घेतला. एकीनं तर मला सुनावलं की छापलेलं खोटं असतं का. वहिनींच्या घरात ते महिने फार ओढाताणीचे गेले. मुलगी शाळेतून आली की आमच्याकडेच जेवायची, आणि त्यावर दोन्ही घरांत कुणी काही बोलत नसे.

हे बरे होऊन कामावर जायला लागले तेव्हा त्यांनी कारखान्यात साहेबांच्या मागे लागून वहिनींसाठी कँटीनमध्ये जागा मिळवली. आधी भाजी चिरायला, मग वर्षभरात स्वयंपाकावर. तिथे त्या पोह्यांना आणि उसळीला तेल मापानं घालायच्या आणि कामगारांची कुरकुर ऐकून घ्यायच्या. ह्यांची सिगारेट एकदा सुटली, पुन्हा लागली, आणि दुसऱ्यांदा सुटली ती मात्र कायमची. त्या दोन वेळांच्या मधले दिवस मी अजूनही पावलं ऐकत काढले.

मुलगी दहावी झाल्यावर वहिनींनी कोपरखैरण्याला लहानसं घर घेतलं. सामान हलवायला टेम्पो आणला होता. ह्यांना जड काही उचलायला मी बंदी घातली होती, म्हणून हे नुसते खाली उभे राहून सूचना देत होते आणि वहिनी त्यांना दटावत होत्या की उन्हात उभे राहू नका. कपाट चढलं, पलंग चढला, सगळ्यात शेवटी ती मोठी कढई आली. ती वहिनींनी मागे ठेवू दिली नाही. ड्रायव्हरच्या शेजारी चढून मांडीवर घेतली, मुलीला जवळ सरकवून घेतलं आणि मला म्हणाल्या, रविवारी दोघं जेवायला या, पण चालत या.